मेण तसंच राहतं, वास उडून जातो : वॅक्स वॉर्मरची साफसफाई आणि देखभाल

हेडफोन लावून कुठे बसमध्ये, लोकलमध्ये असाल तर नुसतं ऐका. घरी असाल तर मात्र उठा, तुमचा तो सुगंधी मेणाचा दिवा समोर आणून ठेवा आणि त्याची पिन काढलेली असू द्या. आज आपण त्याच्याबद्दल बोलणार आहोत.

हल्ली दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समध्ये, वाढदिवसाला, गृहप्रवेशाला हा वॅक्स वॉर्मर हमखास येतो. दिसायला गोड, वापरायला सोपा. खाली बल्ब किंवा गरम प्लेट, वर एक वाटी, वाटीत सुगंधी मेणाची वडी. स्विच दाबला की मेण वितळतं आणि खोलीत मोगरा, चंदन, लॅव्हेंडर, नाहीतर कॉफी. मग दोन-तीन आठवड्यांनी लोक मला तेच तीन प्रश्न विचारतात. एक, वाटी भरलेली आहे, मग वास का येत नाही? दोन, हे जुनं मेण आता काढायचं कसं? आणि तीन, रात्रभर चालू ठेवलं तर चालेल ना?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत, आणि ती गोष्ट वस्तूसोबतच्या कागदावर क्वचितच नीट सांगितलेली असते. म्हणून हा भाग.

आधी एक खुलासा. मी पार्लरमधल्या वॅक्स हीटरबद्दल बोलत नाहीये. ते केस काढायचं मेण, त्याचं तापमान वेगळं, त्याची स्वच्छता वेगळी. दुकानात किंवा ऑनलाइन ‘वॅक्स हीटर’ शोधलंत तर पहिल्यांदा तेच समोर येतं, म्हणून सांगितलं. आपला विषय घरात सुवास पसरवणारा.

वाटी भरलेली, वास गायब

कापूर आठवा. शाळेत आपण शिकलो की कापूर तापवला की तो वितळण्याच्या भानगडीत न पडता सरळ वायू होतो. संप्लवन म्हणतात त्याला. आपल्याकडे बऱ्याच घरांत विजेवरची कापूरदाणी असते. संध्याकाळी वडी ठेवली, सकाळी वाटी जवळजवळ रिकामी. त्यामुळे आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय : वाटीत काही उरलंय, म्हणजे वास अजून शिल्लक आहे.

मेणाचं तसं नाही. मेणाच्या वडीत दोन गोष्टी असतात, मेण आणि सुगंधी तेल. बनवणारे साधारण वजनाच्या ६ ते १० टक्के सुगंधी तेल घालतात. म्हणजे १० ग्रॅमची वडी घेतलीत तर त्यात जास्तीत जास्त १ ग्रॅम वास आहे आणि ९ ग्रॅम नुसतं मेण. वॉर्मर तापला की सुगंधी तेल हळूहळू हवेत जातं. मेण मात्र जात नाही. पॅराफिनचं मेण साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला वितळतं, सोयाचं त्याहून थोडं आधी. वितळतं, पातळ होतं, बस. त्याची वाफ व्हायला लागणारं तापमान फार पुढे आहे आणि तुमचा वॉर्मर तिथे कधी पोचत नाही, पोचूही नये. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं आणि उन्हात ठेवलं की परत पातळ होतं, पण बाटलीतलं तेल काही कमी होत नाही ना? तसंच हे.

म्हणजे पंधरा दिवसांनी वाटीत जे काठोकाठ दिसतंय ते बिनवासाचं मेण आहे. तुम्ही वीज जाळून नुसतं मेण गरम करताय.

मग बहुतेक जण काय करतात? त्याच वाटीत वरून नवी वडी टाकतात. आता नव्या वडीतलं तेल जुन्या बिनवासाच्या मेणातही पसरतं, वास अर्धवट येतो, आणि वाटी काठापर्यंत चढते. थोडा धक्का लागला की गरम मेण टेबलावर. जुन्यात नवं घालायचं नाही, हा पहिला नियम. जुनं काढा, वाटी पुसा, मग नवं.

आता एक गंमत, आणि ती फार महत्त्वाची आहे. वास खरंच संपलाय की तुमचं नाक थकलंय? एकच वास सतत येत राहिला की आपलं नाक तो नोंदवणंच बंद करतं. मासळीबाजारात पाऊल टाकल्यावर जो वास नाकात घुसतो, तो दहा मिनिटांनी जाणवत नाही. मासळी तीच असते, आपल्याला सवय होते. घरातल्या मोगऱ्याचं तेच होतं. म्हणून वडी बदलण्याआधी खाली जा, दूध घेऊन या, गच्चीवर एक फेरी मारा. दहा-पंधरा मिनिटांनी दार उघडून आत या. वास आला, तर मेण चांगलं आहे. नाही आला, तर बदला. पाहुणा आल्या आल्या शिंकायला लागला, तर वास भरपूर आहे आणि तुम्हालाच कळत नाहीये.

मेण काढायच्या तीन पद्धती

पहिली पद्धत कापसाची. ज्यांची वाटी वॉर्मरलाच चिकटलेली असते, सुटी होत नाही, त्यांच्यासाठी ही उत्तम. वॉर्मर चालू करून मेण पूर्ण पातळ होऊ द्या. मग स्विच बंद, पिन बाहेर. पाच मिनिटं थांबा, मेणाचा कडकपणा जरा उतरू दे, पण साय धरायच्या आत कामाला लागा. चिमट्यात कापसाचा मोठा बोळा धरा आणि मेणात बुडवा. कापूस मेण कसा पितो ते बघा. निरांजनाची वात जशी तूप वर ओढते तेच तत्त्व. दोन-तीन बोळ्यांत वाटी रिकामी. मग टिश्यू पेपरने किंवा जुन्या सुती फडक्याने वाटी कोमट असतानाच पुसून घ्या.

आता त्या कापसाचं काय? नीट ऐका. मेण प्यायलेला कापूस म्हणजे काकडा. देवळातला काकडा कसा पेटतो माहितीये ना? तो बोळा गॅसजवळ ठेवायचा नाही, देवासमोरच्या समईशेजारी ठेवायचा नाही, सिगारेटची थोटकं टाकतात त्या डब्यात तर अजिबात नाही. पूर्ण थंड होऊ द्या, कागदात गुंडाळा आणि सुक्या कचऱ्यात टाका. कुंडीतल्या किंवा सोसायटीच्या खतात पॅराफिन घालू नका, ते कुजत नाही.

दुसरी पद्धत थंडीची. वाटी सुटी होत असेल तर ही सगळ्यात स्वच्छ. मेण गोठू द्या. वाटी हाताला साध्या तापमानाची लागली पाहिजे. मग ती दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. मेण थंड झालं की आकसतं, चिनी मातीपेक्षा किंवा काचेपेक्षा खूपच जास्त आकसतं, त्यामुळे कडेने सुटतं. वाटी उलटी करून तळाला अंगठ्याने हलकेच दाबा, अख्खी चकती टपकन हातात येते. मला खरं सांगायचं तर या टपकन आवाजासाठीच ही पद्धत आवडते. फक्त गरम वाटी थेट फ्रीझरमध्ये ठेवायची नाही. गरम काचेच्या ग्लासात बर्फ टाकल्यावर काय होतं ते आठवा.

तिसरी पद्धत सरकवण्याची. वाटी सुटी होत नाही आणि घरात कापूस नाही. मेण पूर्ण गोठलेलं असताना वॉर्मर दोन-तीन मिनिटंच चालू करा. तळाचा पातळ थर वितळतो, वरची चकती घट्टच राहते. स्विच बंद, पिन बाहेर, आणि बोटाने एका कडेला दाबलंत की चकती मिठाईच्या वडीसारखी सरकते. उचला, कागदावर ठेवा, तळातलं ओलसर मेण पुसून घ्या. वेळ साधावी लागते, पण दोनदा केलं की जमतं.

तिन्हींत शेवटची पायरी एकच. मेणाचा एक चिकट पापुद्रा उरतो. रंगीत मेण असेल तर थोडा रंगही. सुट्या वाटीला भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी चालतं, पण आधी मेण कोरडं पुसून काढलेलं असलं पाहिजे, म्हणजे ते सिंकमध्ये जाणार नाही. आणि परत बसवण्याआधी वाटी ठणठणीत कोरडी हवी. चिकटलेल्या वाटीला फक्त पुसणं. हट्टी डाग असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन चोळा, तेल मेणाला सैल करतं, मग कोरड्या कपड्याने तेलही पुसून टाका.

काढलेली चकती लगेच टाकलीच पाहिजे असं नाही. वास पूर्ण गेलेला नसतो. सुती कापडात बांधून चपलांच्या कपाटात ठेवा, महिनाभर काम देते. कपड्यांमध्ये ठेवू नका, रंग लागतो. आणि तुम्ही नागपूर-अकोल्याकडचे असाल तर मे महिन्यात ही पुरचुंडी आणि नव्या वड्यांचं पाकीट दोन्ही थंड जागी हलवा. पारा ४५ ला टेकला की सोयाचं मेण कपाटातच मऊ पडतं.

हे करायचं नाही

एक. गरम मेण बेसिनमध्ये, सिंकमध्ये, मोरीत, कमोडमध्ये, कुठेही ओतायचं नाही. वर गरम पाणी सोडलं तरी नाही. गरम पाणी मेणाला फक्त पुढे ढकलतं. दोन फुटांवर पाइप थंड असतो, तिथे ते गोठतं. त्यात तुपाचा, तेलाचा थर येऊन बसतो. माझ्या एका मैत्रिणीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघी राहायच्या, त्यातल्या एकीचा हा रोजचा कार्यक्रम. प्लंबरने बेसिनखालचा ट्रॅप उघडला तर आतून फिकट जांभळं, लॅव्हेंडरच्या वासाचं मेणाचं नळकांडं निघालं. प्लंबर म्हणाला, “ताई, पाइप तुंबलेत हजारो बघितले, पण एवढा छान वास पहिल्यांदाच.” हसू आलं, पण बिलही आलं. आणि इमारतीत पाइप सामायिक असतो, तुमचं मेण खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात अडतं, हेही लक्षात ठेवा.

दोन. सुरीने, चमच्याने, स्टीलच्या घासणीने खरवडायचं नाही. वाटीच्या चकाकीवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी मेण तिथेच चिकटून बसतं. जुनं एटीएम कार्ड किंवा लाकडी आइस्क्रीमची काडी वापरा.

तीन. रॉकेल, थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर यांनी पुसायचं नाही. मेण निघतं हे खरं आहे. पण ही सगळी पेट घेणारी द्रव्यं, आणि तुम्ही ती तापणाऱ्या वस्तूला लावताय.

चार. वॉर्मर नळाखाली धरायचा नाही. बहुतेकांची पिन दोन टोकांची असते, म्हणजे अर्थिंगच नाही. बाहेरचा भाग पिन काढून, थंड असताना, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. बल्बच्या आणि प्लेटच्या बाजूला फक्त कोरडं कापड.

पाच. मेणाच्या वाटीत पाणी, अत्तर, कापूर काहीही मिसळायचं नाही. चिनी मातीचे जे छोटे अरोमा बर्नर मिळतात, त्यांत पाण्यावर तेलाचे थेंब टाकायचे असतात. ती वेगळी रीत. मेण पाण्यावर तरंगतं. मेणाखाली पाणी अडकलं आणि खालून मेणबत्तीची धग लागली, तर फोडणीत पाण्याचा थेंब पडल्यावर जे होतं तेच इथे होईल. आणि कापूर स्वतःच भडकन पेट घेणारा, त्याला त्याच्या दाणीतच राहू द्या.

विजेचं बघायलाच हवं

साफसफाईचा खरा फायदा हा की त्या निमित्ताने आपण ती वस्तू उलटीपालटी करून बघतो. एरवी कोण बघतं?

माझी मावशी न्यू जर्सीला असते. तिने मागे एक सुंदर वॉर्मर आणला, काचेचा, वर नक्षी. मी तो लावण्याआधी तळाचं लेबल वाचलं : १२० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट. तुमच्याकडेही परदेशातून अशी वस्तू आली असेल तर हा हिशोब ऐका. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की उष्णता दुप्पट होत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० व्होल्टसाठी बनवलेली २४ वॅटची गरम प्लेट २३० वर लावली, तर ती सुमारे ८८ वॅट खेचू पाहते. साडेतीन पटींहून जास्त. मेण वितळवण्यासाठी बनवलेली वस्तू मेण जाळायच्या दिशेने निघते. आणि दुकानात जो पिन बदलायचा अॅडॉप्टर मिळतो, तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज कमी करायला वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मावशीचा वॉर्मर आमच्या शोकेसमध्ये आहे, छान दिसतो. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० असं लिहिलेलं असतं म्हणून तो जगभर चालतो. वॉर्मरवर तसं लिहिलंय का, ते बघा. नसेल तर लावू नका.

बल्बवाल्यांसाठी दोन गोष्टी. बल्ब गेला की घरात पडलेला एलईडी लावला आणि मग मेण वितळतच नाही, अशी तक्रार नेहमी येते. वितळणार नाहीच. जुन्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग उष्णता होऊन जातो. आपण एरवी त्याला नावं ठेवतो, पण इथे आपल्याला उजेड नकोय, तीच उष्णता हवी आहे. एलईडी फार कमी तापतो. आणि उलट बाजूने, वास वाढावा म्हणून जास्त वॅटचा बल्ब लावायचा नाही. होल्डरजवळ जेवढे वॅट लिहिलेत तेवढेच. जास्त वॅटने होल्डरचं प्लॅस्टिक करपतं आणि वासही भराभर उडून जातो, म्हणजे पैसेही वाया. हॅलोजन बल्ब असेल तर कोरड्या कापडात धरून बसवा, काचेला बोटांचं तेल लागू देऊ नका.

महिन्यातून एकदा हे बघा. पिनेची टोकं काळी पडलीत का? समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर नक्की बघा, खारी हवा धातू खाते. वायर कुठे कडक झालीये, चिरलीये का? वाटीला केसाएवढा तडा आहे का? तडा असेल तर ती वाटी बाद, कारण त्यातून गरम मेण झिरपतं ते थेट बल्बवर किंवा प्लेटवर. बल्बभोवती धूळ, केस, मुंग्या? कोरड्या ब्रशने झाडा.

आणि आपल्याकडची खास गोष्ट. लाईट जाते. तुम्ही वॉर्मर लावलाय, लाईट गेली, तुम्ही वैतागून झोपलात. रात्री दोनला लाईट आली आणि वॉर्मर आपोआप सुरू झाला, वर खिडकीचा पडदा येऊन पडलाय. म्हणून लाईट गेली की पंख्याआधी वॉर्मरचा स्विच बंद करायची सवय लावा. यातच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. रात्रभर चालवायचा का? नाही. किती तास चालवायचा ते तुमच्या वॉर्मरच्या कागदावर असेल, ते पाळा. मी जागी असताना दोन-तीन तास, त्यापुढे नाही. तेवढ्यात खोली भरते, आणि बंद केल्यावरही वास रेंगाळतोच. हॉस्टेलवाल्यांनो, गादीवर, पुस्तकांच्या चळतीवर, लॅपटॉपशेजारी आणि आधीच चार चार्जर लटकलेल्या एक्सटेन्शन बोर्डवर ठेवायचा नाही. सपाट, घट्ट टेबल, पडद्यापासून लांब, मांजरीच्या उडीच्या टप्प्याबाहेर.

मेणबत्तीवर चालणारा वॉर्मर असेल तर आणखी दोन सूचना. वाटीत मेण कमी असताना किंवा वाटी कोरडी असताना खाली ज्योत ठेवायची नाही, तापमान कुठल्या कुठे जातं. वाटीच्या बुडाला काजळी धरत असेल तर वात लांब आहे किंवा वारा लागतोय. वात कातरा, जागा बदला. आणि ज्योत जळत असताना खोली सोडायची नाही, मग ती दोन मिनिटं का असेनात.

सांडलं तर, भाजलं तर

कपड्यावर, सोफ्यावर सांडलं तर घाईने पुसू नका, पसरतं. गोठू द्या. पिशवीत बर्फ घेऊन वर ठेवा, कडक झालं की कार्डाने उचकटून काढा. उरलेल्या डागावर आणि खाली वर्तमानपत्राचा नाही, कोरा कागद ठेवा, नाहीतर शाई उठते. वरून कोमट इस्त्री फिरवा, वाफेशिवाय. कागद मेण पितो. कागद बदलत राहा, डाग येणं थांबेपर्यंत. फरशीवर सांडलं असेल तर गोठवून खरवडा, पाय घसरतो, म्हणून तेवढ्या जागेला साबण लावून पुसा.

हातावर सांडलं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली, वीस मिनिटं. मोबाईलवर टायमर लावा, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुरे वाटतं. टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फ नाही. चिकटलेलं मेण ओरबाडू नका, कातडी सोबत येते. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मूल असेल तर थेट डॉक्टरकडे.

आणि मेणाने पेट घेतलाच, तर पाणी टाकायचं नाही. कढईतल्या तेलाच्या आगीसारखंच, भडका उडतो. मेन स्विच बंद करा, जमत असेल तर धातूचं झाकण किंवा परात वर उपडी घाला. जमत नसेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

शेवटी, नाकाबद्दल

मला या भागात सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते याबद्दल.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती आपल्याला कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन मिसळतात. तो कुजकट वास म्हणजे आपला अलार्म. वायर जळायला लागली, धूर दिसायच्या आधी प्लॅस्टिकचा वास येतो, तोही अलार्म. दूध उतू गेलं, भाजी करपली, भिंतीला ओल आली, नाक आधी सांगतं. आता विचार करा, वन-आरकेमध्ये, जिथे पलंगापासून गॅस सहा फुटांवर आहे, आपण व्हॅनिलाचा इतका दाट थर देतो की बाकी काही कळू नये. त्याखाली गॅसचा वास दबू शकतो. म्हणून वॉर्मर स्वयंपाकघरात लावू नका. आणि जरा जरी शंका आली तर स्विचला हात न लावता, खिडक्या उघडून, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून बाहेर या. मग बाहेरून १९०६ ला फोन लावा, गॅसगळतीसाठीचा हा हेल्पलाइन नंबर आहे. आत्ताच सेव्ह करा, मी थांबते.

केलात? ठीक.

पावसाळ्यात अनेक जण हा दिवा कुबट वास घालवायला लावतात. तो वास जात नाही, झाकला जातो. कपाटामागे बुरशी वाढतच असते. आधी खिडकी उघडा, ओल शोधा, गादीला उन्हं दाखवा, कचरा टाका. मग मोगरा. स्वच्छ घरात अर्धी वडी पुरते.

आणि घरातली माणसं. दमा असलेली आजी, तान्हं बाळ, अर्धशिशीचा त्रास असलेला रूममेट. सुगंधी वाफेने त्यांचा त्रास वाढू शकतो, आणि बरेचदा ते बोलत नाहीत, कारण तुम्ही एवढ्या हौसेने आणलेलं असतं. तेव्हा तुम्हीच विचारा. “आजी, तुला याचा त्रास होतो का गं?” आणि तिने “नाही गं, छान आहे” म्हटलं तरी रात्री तिचा खोकला वाढतो का, तेही ऐका. पिंजऱ्यात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर त्या खोलीत लावूच नका, पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. मांजर असेल तर टी ट्री तेलाचं मेण घरात नको, ते तिला विषारी आहे.

तर मंडळी, पटकन उजळणी. वास गेला की मेण बदला, वाटी भरलेली आहे म्हणून थांबू नका. जुन्यात नवं नाही. कापूस, फ्रीझर किंवा सरकवणं, यातली एक पद्धत. मेण सुक्या कचऱ्यात. दर वेळी वाटी पुसणं, दर महिन्याला पिन, वायर, बल्ब, वाटी तपासणं. लाईट गेली की स्विच बंद. झोपताना पिन बाहेर. आणि खिडकी थोडी उघडी.

सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या हॉस्टेलमध्ये, फ्लॅटमध्ये ज्याच्याकडे हा दिवा रात्रभर चालू असतो, त्याला हा भाग पाठवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर काळजी घ्या. नमस्कार!